अणुप्रारूप

अणूच्या अंतर्गत रचनेचे प्रयोगांच्या आधारे मांडलेले आणि पुढील प्रयोगांनी वेळोवेळी बदललेले सैद्धांतिक चित्र. डाल्टन यांचा अविभाज्य अणू (सु. १८०३–०८), थॉमसन (१९०४), रदरफर्ड (१९११), बोर (१९१३) आणि श्रोडिंजर (१९२६) हा क्रम सर्वपरिचित आहे.

पूर्वपीठिका : वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या भाष्यपरंपरेत परमाणू, दोन परमाणूंचे द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक अशी मांडणी आढळते. या दर्शनाचे प्रवर्तक कणाद यांचा काळ इ. स. पू. सहावे ते दुसरे शतक असा निरनिराळा धरला जातो; यांतील नंतरची मर्यादा अधिक सयुक्तिक वाटते. ही मांडणी तर्कावर उभी आहे, मापनावर नाही. त्यामुळे आधुनिक प्रारूपांशी तिचा सांधा जोडणे योग्य ठरत नाही.

थॉमसन, नागाओका व रदरफर्ड : पाठ्यपुस्तकांत थॉमसन यांचे इलेक्ट्रॉन कलिंगडातील बियांसारखे जागच्या जागी दाखवतात. मूळ लेखात ते धनभारित गोलात एककेंद्री वलयांवर फिरतात. त्याच वर्षी जपानमध्ये हांतारो नागाओका यांनी जड धनभारित केंद्राभोवती शनीसारखे इलेक्ट्रॉनांचे कडे कल्पिले. म्हणून केंद्रकाच्या कल्पनेचे श्रेय काही जण त्यांना देतात. रदरफर्ड यांच्या १९११ च्या लेखात नागाओकांचा उल्लेखही आहे. मात्र शनीच्या कड्यातील कण एकमेकांना आकर्षितात, तर इलेक्ट्रॉन दूर लोटतात. त्यामुळे हे कडे टिकत नाही, असा आक्षेप लगेच आला. अणूचा भार इवल्या केंद्रात एकवटलेला असतो, हा रदरफर्ड यांचा निष्कर्ष मात्र आल्फा कणांच्या (हेलियमच्या धनभारित केंद्रकांच्या) विखुरण्यातून निघाला. म्हणून श्रेय त्यांनाच देण्याकडे कल आहे. धातूच्या पत्र्यावर सोडलेल्या सुमारे ८,००० आल्फा कणांत एक कण मागे फिरतो हा नेहमी दिला जाणारा आकडा रदरफर्ड यांचे सहकारी गायगर व मार्सडेन यांच्या १९०९ च्या प्रयोगातील प्लॅटिनमच्या पत्र्याचा आहे, सोन्याच्या वर्खाचा नव्हे. केंद्रावरील भार धन की ऋण, हे १९११ च्या लेखाने खुलेच ठेवले होते.

बोर : फिरणारा इलेक्ट्रॉन प्रारण सोडत केंद्रकात कोसळायला हवा, ही रदरफर्ड प्रारूपातील अडचण. इलेक्ट्रॉनचा कोनीय संवेग (वस्तुमान, वेग व कक्षेची त्रिज्या यांचा गुणाकार) एका ठरावीक राशीच्या पूर्ण पटींतच असतो, असे गृहीत धरून बोर यांनी ती बाजूला सारली. ही अट ब्रिटिश गणितज्ञ निकल्सन यांनी १९१२ मध्येच सुचवली होती. हायड्रोजनची मूळ ऊर्जापातळी −१३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट व कक्षेची त्रिज्या ०.५२९ अँगस्ट्रॉम येते; हेलियमच्या उदासीन अणूपाशी मात्र गणित अडते.

पडताळा : पुण्यातील विज्ञान महाविद्यालयांत रिडबर्ग स्थिरांकाचे (हायड्रोजनच्या वर्णपटातील रेषांच्या तरंगलांबी ज्यावरून निघतात त्या आकड्याचे) प्रॅक्टिकल बोर प्रारूपाशीच जोडलेले असते. हायड्रोजन डिस्चार्ज ट्यूबचा अरुंद, तेजस्वी भाग स्पेक्ट्रोमीटरच्या फटीसमोर आणतात. रुंद भागातून रेणूंचा वर्णपट मिसळतो व रेषा झाकोळतात. इंचाला १५,००० रेषांची ग्रेटिंग (समांतर रेषांनी प्रकाशाचे रंग वेगळे करणारी पट्टी) असल्यास पहिल्या कोटीत (मध्यरेषेलगतच्या पहिल्या वर्णपटात) लाल रेषा (६५६.३ नॅनोमीटर) सुमारे २२.८ अंशांवर, निळसर-हिरवी (४८६.१) १६.७ वर व जांभळी (४३४.०) १४.९ वर मिळते. ४१०.२ ची रेषा अनेकांना दिसतच नाही. डावे-उजवे कोन जुळत नसतील तर ग्रेटिंग किरणांना लंब नाही, असे समजावे. प्रत्येक रेषेवरून स्थिरांक १.०९७ कोटी प्रति मीटरच्या आसपास यावा; एखाद्याच रेषेचे उत्तर फटकत असेल तर बहुधा कक्षेचा क्रमांक चुकीचा धरलेला असतो. ट्यूब उच्च दाबाच्या विजेवर चालते, शिवाय तापते. रीडिंग झाले की बंद करावी.

अणू ठरावीक ऊर्जाच शोषतो हे दाखवणाऱ्या फ्रँक-हर्ट्झ प्रयोगात (मूळ १९१४, पारा, ४.९ व्होल्ट) प्रयोगशाळांत अनेकदा आर्गॉनची ट्यूब वापरतात, कारण पाऱ्याची ट्यूब भट्टीत तापवावी लागते. संपर्क विभवामुळे (भिन्न धातूंच्या जोडणीमुळे येणाऱ्या विभवांतरामुळे) विद्युतप्रवाहाच्या आलेखातील पहिले शिखर सरकते, म्हणून लगतच्या शिखरांतील अंतरच (आर्गॉनसाठी सुमारे ११.५ व्होल्ट) घ्यावे.

पुंजयांत्रिक प्रारूप : श्रोडिंजर यांच्या या प्रारूपात कक्षेची जागा इलेक्ट्रॉन कुठे सापडेल याच्या संभाव्यतेने घेतली. बोर यांच्या चित्रात कणांची फिरकी (अंगभूत कोनीय संवेग) नाही, त्यामुळे हायड्रोजनची मूळ पातळी एकच दिसते. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन व प्रोटॉनच्या फिरकीमुळे ती अतिशय निकटच्या दोन पातळ्यांत दुभंगते. त्यांतील संक्रमणातून निघणारी २१ सेंटिमीटरची (१,४२० मेगाहर्ट्झ) रेषा नारायणगावजवळील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना टिपू शकतात.