‘घराक घेवन जावा’पासून लिव्हिंग विलपर्यंत

मुळात घोळ शब्दातच आहे. इच्छामरण म्हटलं की आपल्याला आधी भीष्म आठवतो, शंतनूचा वर आणि शरपंजरी पडून उत्तरायणाची वाट बघणं वगैरे. त्यामुळे ‘कोर्टाची इच्छामरणाला परवानगी’ अशी बातमी आली की गावात लोकांना वाटतं आता डॉक्टरकडे इंजेक्शन मागता येणार. तसं नाहीये. नेदरलँड्समध्ये २००२ पासून डॉक्टर कायद्याच्या अटींत राहून तसं करू शकतो, आपल्याकडे तो गुन्हा. आपल्याकडे परवानगी आहे ती व्हेंटिलेटरसारखे उपचार थांबवायची किंवा सुरूच न करायची.

आता खरं सांगायचं तर कोकणात हे कधीपासून चालूच आहे, फक्त त्याला नाव नव्हतं. पेशंट गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात नाहीतर कोल्हापूरला नेलेला, मुलगा मुंबईहून रातराणीने आलेला, डॉक्टर त्याला बाजूला घेणार आणि म्हणणार, आता घराक घेवन जावा. बस. मग ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ अशा कागदावर सही, अ‍ॅम्ब्युलन्स, आणि घरी आल्यावर तुळशीपत्र, गंगाजल, देवळात गाऱ्हाणं, ‘ह्येका सोडव रे म्हाराजा’. कोणी कौलही लावतं. म्हणजे डॉक्टर बोलला, मुलगा बोलला, देवाला पण विचारून झालं, राहिला फक्त पेशंट. उलट त्याला आजाराचं नाव सांगू नका हां, असं डॉक्टरलाच बजावलेलं असतं.

स्वतःच्या तोंडाने सांगून गेले असे आपल्याकडे मोठे लोकच. रत्नागिरीत स्थानबद्धतेत वर्षं काढलेल्या सावरकरांनी १९६६ मध्ये प्रायोपवेशन केलं, म्हणजे मरणासाठी ठरवून अन्न सोडलं. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न, औषध नको म्हटलं ते शेवटपर्यंत. आपल्या आजोबांनी असं केलं असतं तर संध्याकाळपर्यंत सलाइन लागली असती.

कायद्याच्या बाजूने मिनू मसानींनी १९८१ मध्ये मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली होती, पण घराघरात विषय पोचला तो अरुणा शानबागमुळे. किनाऱ्यावरच्याच, खाली होन्नावरजवळच्या हळदीपूरची मुलगी, केईएममध्ये नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर हल्ला झाला आणि पुढची जवळजवळ ४२ वर्षं ती तिथल्याच एका खोलीत. पत्रकार-लेखिका पिंकी विराणी तिच्या वतीने कोर्टात गेल्या, तिला जबरदस्तीने जगवू नका, जाऊ द्या म्हणून. केईएमच्या नर्स म्हणाल्या आम्ही सांभाळतोय, आम्हाला हे नको. अरुणा स्वतः काही सांगू शकत नव्हती, म्हणजे प्रश्न परत तोच, हिच्या वतीने बोलायचं कोणी? ७ मार्च २०११ ला सुप्रीम कोर्टाने विराणींची मागणी फेटाळली, पण हायकोर्टाच्या मंजुरीने उपचार थांबवायची वाट उघडली. अरुणा १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेली.

मग ९ मार्च २०१८ चा निकाल, लिव्हिंग विलला मान्यता, म्हणजे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं की मला कुठले उपचार नकोत. पण तेव्हा त्यावर मॅजिस्ट्रेटची सही हवी होती आणि उपचार थांबवायचे का ते बघणाऱ्या मेडिकल बोर्डावर २० वर्षं अनुभवाचे डॉक्टर हवे होते, आमच्याकडे तालुक्याला फिजिशियन मिळायची मारामार तिथे हे कुठून आणणार! जानेवारी २०२३ मध्ये कोर्टाने ते सोपं केलं, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो, अनुभव ५ वर्षांचा पुरतो. शेजारी गोव्यात ३१ मे २०२४ ला हायकोर्टाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल केलं, तिथलं पहिलंच.

कागद तसा साधा आहे, दोन साक्षीदार लागतात. अडतं ते पुढच्या रकान्यात, आपण बोलू शकलो नाही तर आपल्या वतीने कोण बोलेल त्याचं नाव. मुंबईच्या मुलाचं टाकायचं की गावात हगणंमुतणं काढणाऱ्या सुनेचं? एकापेक्षा जास्त नावं चालतात, कायद्याने तेवढी सोय ठेवलीय.