पेअर्ड की अनपेअर्ड? टी-टेस्ट निवडताना डेटाची आडवी ओळ बघा

दहा जणांना आधी एक औषध दिलं, मग दुसरं, आणि दोन्ही वेळा झोप किती वाढली ते मोजलं, तर हाती दहा-दहा आकड्यांचे दोन कॉलम येतात. वीस जणांचे दोन गट करून एकेका गटाला एकेकच औषध दिलं, तरी तसेच दोन कॉलम येतात. शीट बघून या दोन प्रयोगांतला फरक ओळखता येत नाही. सॉफ्टवेअरलाही तो कळत नाही. दोन सरासऱ्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकेल का, हे टी-टेस्ट तपासते. पहिल्या प्रयोगाला पेअर्ड, म्हणजे जोड्यांची टी-टेस्ट लागते, दुसऱ्याला अनपेअर्ड, म्हणजे इंडिपेंडंट सॅम्पल्सची. चुकीचा पर्याय निवडला तरी कुठलीही सूचना न येता पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) मिळते, म्हणूनच ही चूक प्रोजेक्टपासून छापील पेपरपर्यंत सगळीकडे सापडते.

फरक किती मोठा पडतो हे बघायला सर्वांत चांगला डेटा टी-टेस्टच्या जन्मावेळचाच आहे. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ही टेस्ट मांडली, तेव्हा त्याने कुश्नी आणि पीबल्स या संशोधकांचे १९०५ मधले आकडे उदाहरणाला घेतले होते. दहा रुग्ण, दोन औषधं, आणि औषध नसतानाच्या झोपेपेक्षा किती तास जास्त झोप लागली याची नोंद. (गॉसेटकडून औषधांची नावं चुकली होती, आकडे मात्र तेच आहेत.)

| रुग्ण | औषध १ | औषध २ | फरक |
|---|---|---|---|
| १ | ०.७ | १.९ | १.२ |
| २ | −१.६ | ०.८ | २.४ |
| ३ | −०.२ | १.१ | १.३ |
| ४ | −१.२ | ०.१ | १.३ |
| ५ | −०.१ | −०.१ | ०.० |
| ६ | ३.४ | ४.४ | १.० |
| ७ | ३.७ | ५.५ | १.८ |
| ८ | ०.८ | १.६ | ०.८ |
| ९ | ०.० | ४.६ | ४.६ |
| १० | २.० | ३.४ | १.४ |

सरासरी ०.७५ आणि २.३३ तास, फरक १.५८. हा फरक दोन्ही टेस्टमध्ये सारखाच राहतो. टी म्हणजे हा फरक भागिले प्रमाण त्रुटी (दुसरा नमुना घेतला तर हा फरक किती हलू शकेल याचा अंदाज). बदलतो तो भागाकारातला हा खालचा आकडा.

अनपेअर्ड टेस्ट प्रत्येक कॉलमचा पसारा स्वतंत्रपणे मोजते. प्रमाण विचलनं (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) १.७९ आणि २.००, त्यावरून फरकाची प्रमाण त्रुटी ०.८४९. टी = १.५८ ÷ ०.८४९ = १.८६, पी-व्हॅल्यू ०.०७९. ५ टक्क्यांच्या पातळीवर (पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली हवी) फरक सिद्ध होत नाही.

पेअर्ड टेस्ट आधी आडवी वजाबाकी करते आणि पुढे फक्त शेवटच्या कॉलमकडे बघते. त्या दहा फरकांचं प्रमाण विचलन १.२३, प्रमाण त्रुटी ०.३८९, टी = ४.०६, डिग्रीज ऑफ फ्रीडम (इथे जोड्यांची संख्या वजा एक) ९, पी-व्हॅल्यू ०.००२८. आकडे तेच, निष्कर्ष उलटा.

याचं कारण रुग्ण ६ आणि ७ यांच्या ओळींत दिसतं. त्यांना दोन्ही औषधांनी भरपूर झोप लागली, तर २ आणि ४ यांना दोन्हींनी कमी. माणसामाणसांतला हा फरक औषधांच्या तुलनेत आपल्या कामाचा नाही. अनपेअर्ड टेस्टमध्ये मात्र तो सगळा खालच्या आकड्यात जाऊन बसतो. सूत्रात सांगायचं तर फरकाचं प्रसरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) म्हणजे दोन्ही प्रसरणांची बेरीज वजा दुप्पट सहप्रसरण (दोन कॉलम किती सोबत वर-खाली होतात याचं माप). इथे दोन कॉलममधला सहसंबंध जवळजवळ ०.८० आहे, म्हणून ७.२१ मधून ५.७० वजा होऊन १.५१ उरतात. सहसंबंध शून्य असता तर वजा काहीच झालं नसतं, उलट डिग्रीज ऑफ फ्रीडम १८ वरून ९ वर आल्यामुळे ओलांडायची टीची मर्यादा २.१०१ वरून २.२६२ झाली असती. म्हणजे जोडी लावण्याची किंमतही आहे, फक्त ती बहुतेक वेळा किरकोळ असते.

आता या टेबलावर एक प्रयोग जरूर करून बघा. फक्त ‘औषध २’चा कॉलम निवडा आणि चढत्या क्रमाने सॉर्ट करा. एक्सेल शेजारचा कॉलमही सोबत घ्यायचा का असं विचारतं. घाईत ‘नको’ म्हटलं जातं. अनपेअर्ड टी १.८६ वरच राहतो, कारण त्या टेस्टला क्रमाशी देणंघेणंच नाही. पेअर्ड टी मात्र ४.०६ वरून २.४८ वर येतो, पी-व्हॅल्यू साधारण ०.०३५. मग ‘औषध १’चा कॉलमही वेगळा सॉर्ट करा. लहानासमोर लहान, मोठ्यासमोर मोठा आकडा आला, फरक एकसारखे झाले, आणि टी चढला ९.२७ वर! एकही आकडा न बदलता, फक्त कोणाचा आकडा कोणासमोर हे विस्कटून. अनपेअर्ड डेटावर पेअर्ड टेस्ट लावली की हेच होतं: उत्तर यादी कोणत्या क्रमाने टाईप केली यावर ठरतं.

मोठमोठ्यांचाही इथे पाय घसरला आहे. डार्विनने परफलित आणि स्वफलित मक्याच्या रोपांच्या १५ जोड्या लावून उंची मोजली. त्याने ते आकडे संख्याशास्त्रज्ञ गाल्टनला दाखवले, आणि गाल्टनने दोन्ही प्रकारची रोपं उंचीप्रमाणे वेगवेगळी लावून मग तुलना केली. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३५ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. मूळ जोड्या तशाच ठेवल्यावर टी २.१४८ येतो आणि १४ डिग्रीज ऑफ फ्रीडमला मर्यादा आहे २.१४५. फरक जेमतेम उंबरठ्यावरचा होता.

मग ठरवायचं कसं? कोणत्याही एका ओळीवर बोट ठेवा आणि विचारा: हे दोन आकडे एकाच ओळीत का आहेत? एकच माणूस, एकाच माणसाचे दोन डोळे, एकाच शेतातल्या लागून असलेल्या दोन पट्ट्या, दोन यंत्रांनी तपासलेला एकच नमुना, असं ठोस उत्तर मिळालं तर पेअर्ड. ‘अ’ तुकडीतला रोल नंबर ७ आणि ‘ब’ तुकडीतला रोल नंबर ७ एका ओळीत असतील तर ती जोडी नव्हे. दोन्ही तुकड्यांत तीस-तीस मुलं आहेत, हेही जोडीचं कारण होत नाही. हा निर्णय डेटा गोळा करण्याआधी व्हायला हवा. दोन्ही टेस्ट चालवून कमी पी-व्हॅल्यूची ठेवणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

एक्सेलच्या टी.टेस्ट फंक्शनमध्ये शेवटची जागा प्रकाराची असते: १ म्हणजे पेअर्ड, २ म्हणजे समान प्रसरण गृहीत धरलेली अनपेअर्ड, ३ म्हणजे असमान प्रसरणाची, वेल्चची. २ आणि ३ मध्ये अडखळत असाल तर ३ घ्या. प्रसरणं सारखी असली तरी तिचं नुकसान नगण्य असतं. पेअर्ड डेटात एखाद्याचं दुसरं मोजमाप राहिलं असेल तर ती पूर्ण ओळ काढावी लागते. तो एकच सेल डिलीट करून खालचे सेल वर सरकवले, की तिथून पुढच्या सगळ्या जोड्या तुटतात. प्रत्येक ओळीला ओळख क्रमांकाचा कॉलम ठेवणं हा यावरचा साधा आणि पक्का उपाय.

नॉर्मल (घंटेच्या आकाराच्या) वितरणाची अटही दोन्हींत वेगवेगळ्या ठिकाणी लागू होते. अनपेअर्डमध्ये प्रत्येक गटाचा हिस्टोग्राम बघायचा. पेअर्डमध्ये फरकांचा, मूळ कॉलम कितीही वाकडे असले तरी. वरच्या टेबलात रुग्ण ९ चा ४.६ हा फरक बाकीच्यांपासून तुटलेला आहे. या एका रुग्णामुळेच निकाल आला, असं वाटू शकतं. प्रत्यक्षात त्याला वगळलं तर सरासरी फरक १.२४ पर्यंत उतरतो, पण प्रमाण विचलन ०.६६ होतं आणि टी ५.६६ वर जातो. टोकाचा आकडा आपल्या बाजूचा असला तरी पसारा वाढवून टी कमी करतो. (म्हणून त्याला काढून टाकायचं, असा याचा अर्थ नाही.) शंका असेल तर विल्कॉक्सन साइन्ड रँक टेस्ट (आकड्यांऐवजी त्यांचे क्रम वापरणारी) वापरा. अनपेअर्डसाठी तिच्या जागी मान-व्हिटनी. या दुसरीलाच काही सॉफ्टवेअरमध्ये विल्कॉक्सन रँक सम म्हणतात, तेव्हा नाव नीट वाचूनच बटण दाबा.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो दोन गट आणि प्रत्येकात आधी-नंतर अशा रचनेत. समजा प्रत्येकी २० जणांचे दोन गट आहेत. उपचाराच्या गटात रक्तदाब सरासरी ६ ने उतरला, साध्या सल्ल्याच्या गटात ४ ने, आणि दोन्हींची प्रमाण त्रुटी २.५. प्रत्येक गटाची वेगळी पेअर्ड टेस्ट केली तर टी २.४ आणि १.६, पी-व्हॅल्यू सुमारे ०.०३ आणि ०.१३. लगेच लिहिलं जातं, ‘उपचाराचा परिणाम झाला, सल्ल्याचा झाला नाही’. पण प्रश्न दोन गटांतल्या फरकाचा होता आणि तो कोणी तपासलाच नाही. बरोबर रीत अशी: प्रत्येकाची आधी-नंतरची वजाबाकी करा आणि त्या वजाबाक्यांची दोन गटांत अनपेअर्ड टेस्ट करा. फरक २, प्रमाण त्रुटी ३.५४, टी ०.५७. उपचार सल्ल्यापेक्षा सरस असल्याचा काही पुरावा यात नाही.

हो-नाही अशी उत्तरं असतील तिथेही हाच प्रश्न येतो. त्याच १०० जणांना प्रशिक्षणाआधी आणि नंतर विचारलं, तर २०० उत्तरं धरून काय-स्क्वेअर (स्वतंत्र गटांतली प्रमाणं ताडून बघणारी टेस्ट) करायची नसते. तिथे मॅकनेमार टेस्ट लागते. ती मत न बदललेल्यांना बाजूला ठेवते. समजा १७ जण ‘नाही’वरून ‘हो’कडे गेले आणि ५ उलट. मग (१७ − ५)² ÷ (१७ + ५) = ६.५५, आणि मर्यादा ३.८४. त्यासाठी कोणी मत बदललं हे नावानिशी जुळवता आलं पाहिजे. दोन्ही वेळच्या प्रश्नावल्या निनावी भरून घेतल्या असतील तर ती जुळणी नंतर कशानेही होत नाही, म्हणून पहिल्याच फॉर्मवर कोड नंबर छापून घ्या.