चुंबक नायलॉनच्या तारेला ओळखत नाही

फ्रिजवरचा एखादा लोहचुंबक काढा आणि क्लासिकल गिटारच्या सर्वांत जाड तारेजवळ न्या. तार दिसायला चांगली चकचकीत, धातूची. पण चुंबक तिला ओळखसुद्धा दाखवत नाही. तिच्या पोटात नायलॉनच्या बारीक धाग्यांची लडी असते आणि वरून चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली असते. तांबं आणि चांदी चुंबकाकडे ओढली जात नाहीत. पहिल्या तीन तारा तर निव्वळ नायलॉनच्या. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग, मात्र चुंबकाच्या जिवावर चालतो. पोलादी तार त्याच्या चुंबकीय क्षेत्रात थरथरली की शेजारच्या वेटोळ्यात वीज तयार होते. हाच पिकअप क्लासिकल गिटारवर बसवला, तर कितीही जोरात वाजवा, स्पीकर ढिम्म राहील.

अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला, जोडता येईल अशी परवडणारी क्लासिकल गिटार शोधणाऱ्याने आधी हा एवढा प्रयोग करून पाहावा, असं मला मनापासून वाटतं. कारण या गिटारच्या सगळ्या गुणदोषांचा उगम इथेच आहे. तार चुंबकाला कळत नाही, म्हणून ती दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने ओळखावी लागते. आणि ती वाट लाकडाच्या वाटेपेक्षा इतकी वेगळी आहे की असली गिटार म्हणजे एका खोक्यातली दोन वाद्यं असतात. किंमत कमी असते तेव्हा त्यातल्या एकाचेच पैसे दिलेले असतात. कोणत्या, ते आपण ठरवायचं. नाही तर कारखाना ठरवतो.

दुसरी वाट म्हणजे दाब. १८८० साली झाक आणि पिएर क्युरी या विशीतल्या दोन भावांना असं आढळलं की क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार जमा होतो. ‘पिएझो’ हा शब्द दाबण्याच्या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आला. स्वयंपाकघरातला टक्‌ करणारा गॅस लायटर याच तत्त्वावर ठिणगी पाडतो. आत स्प्रिंगची छोटी हातोडी पिएझो खड्यावर आदळते. गिटारमध्ये हातोडीचं काम तारा करतात. तारा खालच्या टोकाला ज्या लाकडी घोडीला बांधतात तिच्या खाचेत जी पांढरी, हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी उभी असते ती सॅडल. तिच्या खाली, त्याच खाचेच्या तळाशी, पिएझोची अरुंद पट्टी सरकवलेली असते. क्लासिकल गिटारच्या सहा तारांचा ताण मिळून साधारण ४० किलो भरतो. त्यातला काही भाग सॅडलला सतत खाली दाबत असतो. तार छेडली की तो दाब कमी-जास्त होतो आणि पट्टीतून तेवढीच कमी-जास्त वीज निघते.

म्हणजे पिएझो पट्टी ऐकते ती सॅडलच्या पायाशी बसून. समोर बसलेल्या माणसाच्या कानापर्यंत पोचतो तो आवाज तिला जवळजवळ माहीतच नसतो.

आणि तो आवाज घडवते कोण, हे १८६२ साली स्पेनमधल्या अंतोनियो दे तोर्रेस या गिटार घडवणाऱ्या कारागिराने फार गमतीने दाखवून दिलं. आजच्या क्लासिकल गिटारचा घाट, तिची साधारण ६५० मिलिमीटरची कंपणारी तार, टॉपच्या, म्हणजे समोरच्या फळीच्या, आतून पंख्यासारख्या पसरलेल्या काड्या, हे सगळं रूढ झालं ते मुख्यतः त्याच्या कामामुळे. त्याने एक गिटार अशी बनवली की तिचा टॉप नेहमीसारखा लाकडी, पण पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. गिटार वाजली, आणि आवाजात टॉपच सगळ्यांत महत्त्वाचा हे त्याचं म्हणणं सिद्ध झालं. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

तोर्रेसचा तो कागदी प्रयोग स्वस्त गिटार घेणाऱ्याला आजही उपयोगी पडतो. पैसे मोजकेच असतील तर ते टॉपवर लावावेत. पाठ आणि बाजू प्लायच्या असल्या तरी फारसं बिघडत नाही. टॉप जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा असतो. अखंड लाकडाच्या टॉपमध्ये सगळे रेषे एकाच दिशेने धावतात, त्यामुळे तो लांबीत ताठ, रुंदीत लवचिक आणि वजनाला हलका राहतो. थर चिकटवून केलेल्या टॉपमध्ये मधल्या थराचे रेषे आडवे असतात, शिवाय मध्ये डिंक. तो मजबूत होतो, हवामानाला दाद देत नाही, पण नायलॉनच्या तारेत मुळातच दम कमी; तिला हा जड टॉप हलवणं कठीण जातं. ओळखायचं कसं? साउंडहोलच्या, म्हणजे टॉपमधल्या गोल भोकाच्या, कडेवर टॉर्च मारा. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरलेल्या दिसल्या तर लाकूड अखंड. कडेत सँडविचसारखे थर दिसले तर प्लाय. माहितीपत्रकात नुसतं ‘स्प्रूस टॉप’ लिहिलेलं असेल आणि ‘सॉलिड’ हा शब्द गाळलेला असेल, तर तो विसरून गाळलेला नसतो.

इथवर सोपं आहे. पण अँपला जोडल्यावर हिशेब उलटतो. सॅडलखालची पट्टी मुख्यतः तारेचा जोर मोजते, त्यामुळे अखंड आणि थरांच्या टॉपमधला फरक स्पीकरमधून बराच पुसट होतो. (पूर्ण पुसला जात नाही. टॉप हलतो तेव्हा सॅडलही हलतं, आणि तेवढी लाकडाची सही आवाजात उतरते.) शिवाय चांगला हलणारा टॉप स्पीकरसमोर डोकेदुखी ठरतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की आतली हवा घुमते, तशी गिटारच्या पोटातली हवाही एका ठरावीक स्वराला घुमते. क्लासिकल गिटारमध्ये हा स्वर १०० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे पाचव्या मोकळ्या तारेच्या ११० हर्ट्झच्या जरा खाली. अँपमधून तो स्वर निघाला की खोका घुमतो, टॉप हलतो, पट्टीला ते कळतं, अँप तेच पुन्हा मोठं करून पाठवतो, आणि काही क्षणांत सभागृहभर ‘हूंऽऽ’ सुरू होतं. उत्तम अखंड टॉपची, मोठ्या पोटाची गिटार इथे सगळ्यांत आधी बोंबलते. थरांच्या टॉपची, पातळ पोटाची गिटार, जिला बैठकीत कुणी विचारत नाही, ती ड्रमच्या शेजारी निमूटपणे काम करते.

म्हणून गिटार निवडण्याआधी आपण वाजवणार कुठे ते स्वतःला खरं खरं सांगावं. बहुतेक जण घरी वाजवतात आणि वर्षातून दोनदा मंचावर जातात. त्यांनी माझ्या मते प्लगचा मोह सोडावा, त्याच पैशात बिनपिकअपची, चांगल्या अखंड टॉपची साधी क्लासिकल गिटार घ्यावी आणि पिकअप पुढे कधी तरी बसवून घ्यावा. एकाच किमतीच्या दोन गिटारींत एकीत पिकअप, प्रीअँप (त्याबद्दल पुढे), सूर जुळवायचा ट्यूनर भरलेला असेल, तर ते पैसे दुसरीच्या लाकडात गेलेले असतात. खोका आणि पिकअप वेगवेगळे जमवण्यात कमीपणा नाही. १९६९ साली अमेरिकी गायक विली नेल्सन याची बाल्डविन कंपनीची गिटार एका दारूड्याच्या पायाखाली मोडली. दुरुस्त करणाऱ्याने तिच्यातला पिएझो पिकअप काढून मार्टिन एन-२० या नायलॉन तारांच्या गिटारीत बसवून दिला. तीच गिटार नेल्सन पुढे पन्नासहून जास्त वर्षं वाजवत राहिला. क्लासिकल गिटारला पोलादी तारांच्या गिटारीसारखी टॉपवर संरक्षक पट्टी नसते, कारण ती बोटांनी वाजवायची. नेल्सन मात्र ती प्लेक्ट्रमने, म्हणजे हातात धरायच्या नखीने, वाजवतो. साउंडहोलशेजारी टॉप घासून घासून दुसरं भोक पडलं आहे.

ज्यांना आठवड्याला बँडबरोबर वाजवायचं आहे, त्यांनी मात्र सरळ तयार इलेक्ट्रो-क्लासिकल, म्हणजे पिकअप बसवूनच येणारी गिटार, घ्यावी, पातळ पोटाची असली तरी चालेल, आणि लाकडाच्या गप्पा जरा बाजूला ठेवाव्यात. मग लक्ष प्रीअँपकडे.

प्रीअँप, म्हणजे बाजूच्या फळीत बसवलेली बटणांची काळी डबी, केवळ आवाज वाढवायला नसते. पिएझो पट्टी अगदी थोडा विद्युतभार देते. पुढचं यंत्र तो पटकन पिऊन टाकणारं असेल तर सावकाश कंपनांचा भार मोजला जाण्याआधीच गळून जातो, वेगवान कंपनं तेवढी तगतात. म्हणजे खर्ज जातो आणि किरकिर उरते. पट्टीची विद्युतधारिता १ नॅनोफॅरड धरली आणि ती १ मेगाओहमच्या इनपुटला जोडली, तर १६० हर्ट्झच्या खालचे स्वर क्षीण होऊ लागतात. खालच्या तीन मोकळ्या तारा ८२, ११० आणि १४७ हर्ट्झवर आहेत, म्हणजे तिन्ही त्या रेषेखाली. इनपुट १० मेगाओहमचं असेल तर ती रेषा १६ हर्ट्झवर सरकते आणि चिंता मिटते. उलट ही पट्टी थेट कार्यक्रमातले आवाज एकत्र करणाऱ्या १० किलोओहमच्या मिक्सरला जोडलीत तर रेषा १६,००० हर्ट्झवर जाते. मग येते ती डासाची गुणगुण. या कामासाठी प्रीअँप लागतो आणि त्याला ९ व्होल्टचा सेल लागतो. सेल चालू-बंद करणारं बटण शोधू नका, ते जॅकमध्येच असतं. केबलची पिन आत गेली की जॅकमधले दोन संपर्क जोडले जातात आणि सेल कामाला लागतो. वाजवून झाल्यावर केबल तशीच खोचून ठेवली तर गिटार रात्रभर सेल खात बसते. स्वस्त प्रीअँपमधला ट्यूनर सोयीचा खरा, पण त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. क्लिप लावायचा ट्यूनर तेच काम करतो.

दुकानात तपासायची एक गोष्ट मी महाग पडून शिकलो. माझी पहिली इलेक्ट्रो-क्लासिकल नुसती वाजवताना छान होती. पहिल्या कार्यक्रमात कळलं की तिसरी तार स्पीकरमधून जवळजवळ गायब. मी सुरावट वाजवत होतो आणि तिला मध्येच दात पडल्यासारखी भोकं पडत होती. घरी तारा सैल करून सॅडल उपसलं आणि आरशावर उभं धरलं, तर बुडाशी मधोमध प्रकाशाची रेघ दिसली. बूड किंचित पोकळ होतं, त्यामुळे तिसऱ्या तारेचा दाब पट्टीपर्यंत पोचतच नव्हता. काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून, सॅडल अगदी सरळ धरून हलक्या हाताने घासलं. दहा मिनिटांत तार परत आली. लाकूडही नाही, पिकअपही नाही. दोष होता तो पोस्टकार्डाच्या जाडीइतक्या फटीचा. तेव्हापासून कुणाबरोबरही गिटार घ्यायला गेलो की बटणं सगळी मध्यावर ठेवायला लावतो, रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारं बटण) बंद, आणि सहाही तारा एकामागून एक सारख्याच जोराने छेडतो. जोडायला अकूस्टिक गिटारचा किंवा कीबोर्डचा अँप मागावा. इलेक्ट्रिक गिटारच्या अँपचा स्पीकर वरचे स्वर फारसे देतच नाही, त्याच्यात सगळ्याच पिएझो गिटारी गोधडीत गुंडाळल्यासारख्या वाजतात.

जोरात छेडल्यावर तारेच्या सुरुवातीला बदकासारखा ‘क्वॅक’ ऐकू आला तर दचकू नका. सॅडलखालच्या पिएझोचा तो स्वभावच आहे. टॉपला आतून चिकटवायचा सेन्सर किंवा पोटातला छोटा माइक जास्त लाकडी आवाज देतो, पण तो त्या ‘हूंऽऽ’लाही तितक्याच लवकर बळी पडतो.

हाताचं मोजमाप राहिलं. पारंपरिक क्लासिकलचा नट, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी, ५२ मिलिमीटर रुंद आणि पडद्यांची फळी सपाट. पोलादी तारांची सवय असलेल्या हाताला ती पाट वाटते. त्यांच्यासाठी ४८ मिलिमीटरच्या, किंचित गोलाईच्या मानेच्या गिटारी निघतात. यामाहाने तर मालिकाच वेगळ्या केल्या: एनसीएक्सचा नट ५२ मिलिमीटर, एनटीएक्सचा ४८ आणि पोट पातळ. क्लासिकल शिकायचं असेल तर ५२च घ्या, उजव्या हाताच्या बोटांना तारांमध्ये जागा लागते. बाराव्या पडद्यावर तारेची उंची पहिल्या तारेपाशी ३ आणि सहाव्यापाशी ४ मिलिमीटरच्या आसपास असावी. जास्त असेल तर सॅडल बघा: ते घोडीच्या वर पुरेसं उठलेलं असेल तर घासून तारा खाली आणता येतात. ते आधीच जेमतेम डोकावत असेल आणि तारा तरी उंचच असतील, तर मानेचा कोन चुकला आहे. ती गिटार खाली ठेवा. मग बाराव्या पडद्यावर तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा स्वर आणि तिथेच दाबून निघणारा स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. दोन्ही जुळले पाहिजेत.

फक्त हे तपासताना तारा नव्या आहेत का ते विचारा. नायलॉन ताणला की काही दिवस लांबतच राहतो, आणि नुकत्या चढवलेल्या तारा प्रत्येक गाण्यानंतर उतरतात. त्याचा दोष खुंट्यांना देऊन मी एकदा चांगली गिटार दुकानात सोडून आलो आहे.