नेपाळचा २००८चा निकाल आणि ‘समायोजन’ या शब्दाचा गुंता

मिरकरवाडा असो, हर्णे असो की देवगड, ट्रॉलरवर नेपाळी खलाशी नाही असे बंदर आज सापडणे अवघड. आंब्याला मोहोर धरला की बागांच्या राखणीलाही तेच. यातले बरेच जण नेपाळच्या पश्चिमेकडच्या जिल्ह्यांतले. १० एप्रिल २००८ रोजी त्यांच्या देशात संविधान सभेचे मतदान झाले, तेव्हा इकडे हापूसचा भर हंगाम होता. देशाबाहेरून मत देण्याची सोय नव्हती. जे गावी गेले नाहीत, त्यांचे मत राहिले.

दहा वर्षे बंदूक घेऊन लढलेले माओवादी त्या निवडणुकीत सर्वांत मोठा पक्ष ठरले. ६०१ पैकी २४० जागा थेट मतदारसंघांतून, ३३५ पक्षांच्या याद्यांतून आणि २६ नियुक्तीने भरायच्या होत्या. माओवाद्यांना थेट लढतीत १२० आणि यादीतून १०० जागा मिळाल्या. त्यांच्यानंतरचे दोन जुने पक्ष ११० आणि १०३ वर थांबले. मात्र यादीसाठी पडलेल्या मतांत माओवाद्यांचा वाटा साधारण २९ टक्केच होता. म्हणजे निकाल धक्का देणारा होता, पण बहुमत नव्हते. हा फरक पुढे सगळेच विसरले, आणि सर्वांत आधी विसरले ते जिंकणारे.

हे लोक निवडणुकीला नवखे होते असेही नाही. १९९१मध्ये याच प्रवाहातल्या आघाडीचे ९ जण संसदेत निवडून आले होते. पुढे आघाडी फुटली, एका गटाला निवडणूक आयोगाने मान्यता नाकारली, आणि त्याच गटातले लोक १३ फेब्रुवारी १९९६पासून युद्धात उतरले. रोल्पा, रुकुम या डोंगरी जिल्ह्यांतून पेटलेल्या त्या दशकात १३,०००हून अधिक माणसे गेली. बेपत्तांची सर्वाधिक नोंद पश्चिम तराईतल्या, म्हणजे दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यातल्या, बर्दिया जिल्ह्यात झाली, आणि त्यांतले बहुसंख्य थारू या आदिवासी समाजाचे होते. २००५मध्ये राजाने सत्ता स्वतःच्या हाती घेतली. त्याच वर्षी पक्ष आणि बंडखोर यांच्यात दिल्लीत समझोता झाला, २००६च्या एप्रिलमध्ये जनआंदोलन उभे राहिले आणि २१ नोव्हेंबर २००६ला शांतता करारावर सह्या झाल्या.

खरा गुंता त्या करारातच होता. माओवाद्यांचे लढवय्ये २८ छावण्यांत राहणार, त्यांची हत्यारे कुलूपबंद कंटेनरमध्ये राहणार, आणि पुढे या लोकांचे ‘समायोजन र पुनःस्थापना’ होणार, असे ठरले. पुनःस्थापना म्हणजे पुनर्वसन, ते समजते. समायोजन म्हणजे नेमके काय, हे कोणीच लिहून ठेवले नाही. आपल्याकडे हा शब्द अतिरिक्त शिक्षकांच्या बातम्यांत भेटतो. पटसंख्या घसरली की शिक्षकाला दुसऱ्या शाळेत सामावून घेतात, आणि मग सेवाज्येष्ठता कुठून धरायची यावरून वाद सुरू होतो. नेपाळमधला वाद याच जातीचा होता. लष्कराचे म्हणणे, एकेकाने यावे, आमच्या निकषांत बसावे. माओवाद्यांना आपल्या तुकड्या आहेत तशा, पदांसकट आत हव्या होत्या. एका बाजूला समायोजन म्हणजे भरती वाटत होती, दुसऱ्या बाजूला दोन सैन्यांचे एक सैन्य. एकच शब्द दोघांनी दोन अर्थांनी धरून ठेवला, आणि म्हणूनच तेव्हा सह्या होऊ शकल्या.

माओवाद्यांचा नेता ऑगस्ट २००८मध्ये पंतप्रधान झाला, त्याच्याआधी २८ मे रोजी राजेशाही संपली होती. पण लष्कर तेच राहिले. करारात मनाई असताना लष्कराने सुमारे ३,००० जणांची भरती केली, आठ ब्रिगेडियर जनरलांच्या मुदतवाढीवरून सरकारशी खटके उडाले, आणि ३ मे २००९ रोजी पंतप्रधानांनी लष्करप्रमुखांना काढून टाकले. मित्रपक्षांनी साथ सोडली. राष्ट्रपतींनी त्याच रात्री लष्करप्रमुखांना पदावर राहण्याचे पत्र पाठवले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी राजीनामा दिला. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारचा लष्करावर अधिकार असतो, हे तत्त्व इथे पंतप्रधानांच्या बाजूचे होते, असे मला ठामपणे वाटते. पण स्वतःचे सैन्य छावण्यांत बसवून ठेवलेल्या माणसाने ते तत्त्व सांगावे, यावर विश्वास कोण ठेवणार? ५ मे रोजी एक ध्वनिचित्रफीत बाहेर आली. २००८च्या जानेवारीत चितवनमधल्या छावणीत हाच नेता आपल्या लोकांना सांगत होता, की आपली खरी संख्या सात-आठ हजारच होती, ती आपण फुगवून दाखवली. उरलेला विश्वासही गेला.

समायोजनाचा अर्थ शेवटी थकव्याने ठरला. संयुक्त राष्ट्रांच्या पडताळणीत १९,६०२ लढवय्ये पात्र ठरले होते. नोव्हेंबर २०११च्या समझोत्याने लष्कराची दारे ६,५०० जणांपर्यंत उघडली, पण प्रत्यक्षात आत गेले सुमारे १,४००. १५,०००हून अधिक जणांनी पदानुसार पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन स्वेच्छानिवृत्ती पत्करली. २०१२च्या एप्रिलमध्ये छावण्या लष्कराच्या ताब्यात गेल्या, मेमध्ये संविधान न लिहिताच सभा विसर्जित झाली, आणि २०१३च्या निवडणुकीत माओवादी ८० जागांसह तिसऱ्या क्रमांकावर घसरले. २०२२मध्ये त्यांना ३२ जागा मिळाल्या, तरी जुळवाजुळव करून त्यांचाच नेता पुन्हा पंतप्रधान झाला.

या सगळ्या आकड्यांत एक आकडा मागे पडतो. पडताळणीत ४,००८ जणांना ‘अयोग्य’ ठरवले गेले होते. त्यांतले २,९७३ जण २५ मे १९८८नंतर जन्मलेले, म्हणजे २५ मे २००६ला अठराच्या आतले. बंदूक त्यांनी घेतली ती मोठ्यांनी दिली म्हणून, आणि शिक्का मात्र त्यांच्या कपाळी बसला. २०१०च्या सुरुवातीला त्यांना छावण्यांबाहेर काढले, ते प्रवासखर्चापुरते पैसे आणि प्रशिक्षणाचे आश्वासन देऊन. दोन वर्षांनी इतरांना जी लाखांची रक्कम मिळाली, ती त्यांना मिळाली नाही. ती मुले आता तिशीच्या पुढे आहेत.