नैराश्यरोधक औषधे : घेताना काय अपेक्षित असते

नैराश्यरोधक औषधे मेंदूतील सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन यांसारख्या रासायनिक संदेशवाहकांच्या कामात फेरफार करून नैराश्याची लक्षणे उतरवतात. बोलताना त्यांना ‘डिप्रेशनच्या गोळ्या’ म्हटले जाते, पण हे नाव अपुरे आहे. चिंताविकार, पॅनिक डिसऑर्डर, ओसीडी म्हणजे मंत्रचळ, आघातानंतरचा पीटीएसडी यांवरही हीच औषधे देतात. अ‍ॅमिट्रिप्टिलीन तर कमी डोसमध्ये मज्जातंतूंच्या दुखण्यावर आणि अर्धशिशीचे झटके टाळण्यासाठीही वापरतात. म्हणूनच पाकिटातला माहितीचा कागद उलगडल्यावर ‘मला डिप्रेशन आहे, हे डॉक्टर बोललेच नाहीत’ असे म्हणून दचकणारे अनेक जण असतात.

या औषधांचा क्रम उलटा आहे. त्रास आधी येतो आणि गुण नंतर येतो. डोकेदुखीची गोळी घेतली आणि तासाभरात बरे वाटले, हा हिशेब इथे लागू होत नाही. औषध अर्धवट सोडण्याचे प्रकार पाहिले तर बहुतेकांच्या मुळाशी हा उलटा क्रम असतो. दुसऱ्या आठवड्यात ‘याने तर आणखीच बिघडलं’ म्हणून गोळी सुटते आणि चौथ्या महिन्यात ‘आता मी ठीक आहे’ म्हणून सुटते.

शोध आणि प्रकार

पहिली दोन्ही औषधे दुसऱ्याच आजारांवर औषध शोधताना हाती लागली. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंडच्या सी व्ह्यू रुग्णालयात आयप्रोनियाझिड हे औषध क्षयरोग्यांना दिले जात होते. खाटेला खिळलेली माणसे त्याने उत्साही झालेली दिसली. १९५७ मध्ये नेथन क्लाइन यांनी नैराश्याच्या रुग्णांवरील त्याचे परिणाम मांडले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील रोलँड कून यांचा इमिप्रामिनवरचा लेख प्रसिद्ध झाला. इमिप्रामिन आजमावले होते स्किझोफ्रेनियावर. तिथे ते फसले, पण नैराश्यावर लागू पडले.

आयप्रोनियाझिडच्या वंशातली औषधे एमएओ-रोधक, म्हणजे हे संदेशवाहक मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवणारी, म्हणून ओळखली जातात. ती आज क्वचितच दिली जातात, कारण मुरवलेल्या चीजसारख्या टायरामीनयुक्त पदार्थांबरोबर रक्तदाब एकदम भडकू शकतो. इमिप्रामिन आणि अ‍ॅमिट्रिप्टिलीन ही ट्रायसायक्लिक औषधे. ती गुणकारी आहेत, पण तोंड कोरडे पाडतात, बद्धकोष्ठ करतात, आणि प्रमाणाबाहेर पोटात गेली तर हृदयाची लय बिघडवून जिवावर बेततात. फ्लुऑक्सेटिनला अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस मान्यता मिळाली आणि एसएसआरआय, म्हणजे सेरोटोनिन परत शोषले जाणे अडवणाऱ्या गटाचे युग सुरू झाले. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम, पॅरोक्सेटिन याच गटातली. व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलॉक्सेटिन सेरोटोनिनबरोबर नॉरअ‍ॅड्रेनलिनवरही काम करतात. मिर्टाझापिन, ब्युप्रोपियॉन यांची तऱ्हा आणखी वेगळी. आज पहिली चिठ्ठी बहुधा एसएसआरआयचीच असते. ती बाकीच्यांहून फार जास्त गुणकारी आहेत असे नाही, पण त्यांचा धोका कमी आहे.

गोळी नेमके काय करते

एक चेतापेशी दुसरीला निरोप देण्यासाठी सेरोटोनिन सोडते आणि काम झाले की परत शोषून घेते. एसएसआरआय हे परत शोषणे अडवते, त्यामुळे सेरोटोनिन दोन पेशींमधल्या फटीत जास्त वेळ राहते. हे पहिल्या गोळीनंतर काही तासांतच घडते. तरीही मन हलके व्हायला आठवडे लागतात. सेरोटोनिन वाढले की नैराश्य गेले, असे सरळ नाते असते तर गुण त्याच दिवशी आला असता. पेशींवरचे ग्राहक, म्हणजे सेरोटोनिनचा निरोप टिपणाऱ्या जागा (रिसेप्टर), बदललेल्या पातळीशी हळूहळू जुळवून घेतात आणि पेशींमधल्या जोडण्या नव्याने घडतात. विलंबाचे कारण साधारणपणे इथे शोधले जाते.

‘मेंदूतलं केमिकल कमी झालंय, गोळी ते भरून काढते’ हे स्पष्टीकरण दवाखान्यात अजूनही ऐकू येते. समजायला सोपे आणि रुग्णाच्या मनातला अपराधीपणा घालवणारे असल्याने ते टिकून आहे. मात्र सेरोटोनिनच्या कमतरतेमुळे नैराश्य येते याला सुसंगत पुरावा नाही, असा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्याने काढला. त्यावरून औषध निरुपयोगी ठरत नाही. ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेने येत नाही, तरी पॅरासिटामॉलने उतरतो.

पहिले दोन आठवडे

सर्वांत आधी तक्रार करते ते पोट. मळमळ, पातळ शौचाला होणे, भूक मंदावणे. शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यांत असते, त्यामुळे पहिली कुरबुर तिथूनच येते. गोळी जेवणानंतर घेतली तर हा त्रास कमी होतो आणि बहुतेकांचा एक-दोन आठवड्यांत ओसरतो. डोके दुखणे, घाम येणे, तोंड कोरडे पडणे हेही याच काळातले. झोपेचे मात्र दोन्ही प्रकार दिसतात. गोळीने डोळा लागेना झाला तर ती सकाळी घ्यावी, पेंग येत असेल तर रात्री. वेळेचा हा बदल डॉक्टर फोनवरही करून देतात.

चिंतेच्या आजारात ही सुरुवात जास्त जड जाते. छातीत धडधडते, हातपाय स्वस्थ राहत नाहीत, एका जागी बसवत नाही. धडधडीचीच भीती असलेल्या पॅनिकच्या रुग्णाला हा झटकाच वाटतो. म्हणून अशा वेळी नेहमीच्या निम्म्या डोसपासून सुरुवात करतात, उदाहरणार्थ सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅम किंवा एस्सिटॅलोप्राम ५ मिलिग्रॅम. कधी जोडीला थोड्या दिवसांसाठी क्लोनाझेपामसारखी गोळी देतात, आणि इथे एक घोटाळा हमखास होतो. क्लोनाझेपामने तासाभरात शांत वाटते. नैराश्यरोधकाने मात्र मळमळ होते. साहजिकच रुग्णाला पहिली ‘चांगली गोळी’ वाटते आणि दुसरी ‘त्रासाची’. चिठ्ठीत ज्या गोळीपुढे मुदत लिहिलेली असते ती चालू राहते आणि जी महिनोन्‌महिने घ्यायची ती सुटते. व्यसन लागण्याची भीती खरी आहे ती पहिलीच्या बाबतीत.

याच काळातली एक बाब गंभीर आहे. बालक, किशोरवयीन आणि २४ वर्षांपर्यंतचे तरुण यांच्यात औषध सुरू करताना किंवा डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात. प्रमाण थोडे आहे, पण नोंद घ्यावी असे आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने २००४ मध्ये मुलांसाठी वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. जुन्या डॉक्टरांचे एक निरीक्षण असे की हातापायांत बळ आधी येते आणि मनातली निराशा नंतर जाते. मधले दिवस नाजूक असतात. माणूस अचानक फार बेचैन झाला, रात्र-रात्र जागू लागला, मरणाचे बोलू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. गोळ्यांचे पाकीट अशा वेळी घरातल्या दुसऱ्या कोणाकडे ठेवलेले बरे.

गुण कसा येतो

तो जाहीर करून येत नाही. एके सकाळी उठल्यावर मळभ गेले, असे सहसा होत नाही. आधी झोप थोडी सुधारते, घास गोड लागतो. आठवडाभर न उघडलेल्या मेसेजला उत्तर जाते, आंघोळ दुपारऐवजी सकाळी होते. रुग्ण म्हणत असतो ‘काही फरक नाही’, आणि बरोबर आलेली बहीण म्हणते, ‘नाही कसा, परवा भांडलास की माझ्याशी!’ फरक आधी दुसऱ्यांना दिसतो. म्हणून रोज रात्री वहीत झोप, भूक आणि मन यांना दहापैकी गुण देण्याची सवय उपयोगी पडते, कारण नैराश्यातली आठवण भरवशाची नसते.

साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत बदल जाणवू लागतो, पूर्ण परिणामाला सहा ते आठ आठवडे लागतात. ओसीडीत डोस जास्त लागतो आणि दहा-बारा आठवडे थांबावे लागते. पुरेसा डोस चार आठवडे घेऊनही काहीच हलले नसेल, तर नुसते थांबून राहण्याऐवजी डोस वाढवणे किंवा औषध बदलणे योग्य. अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेले लोक साधारण तिघांपैकी एक होते. पहिले औषध लागू न पडणे म्हणजे आपला आजार असाध्य आहे, असे नव्हे.

औषध आणि नुसती साखरेची गोळी यांतला फरक किती, हा वाद जुना आहे. २०१८ मध्ये ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ सहभागी एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात सर्व २१ औषधे साखरेच्या गोळीहून सरस ठरली, पण सरासरी फरक माफकच निघाला. सौम्य नैराश्यात समुपदेशन आणि बोधात्मक वर्तनोपचार यांनी पुष्कळदा भागते. आजार तीव्र असेल तेव्हा गोळीचे पारडे जड होते, आणि दोन्ही मिळून एकेकट्यापेक्षा चांगले काम करतात. गोळी आनंद देत नाही, स्वभावही बदलत नाही. मात्र काहींना दुःखाबरोबर आनंदही बोथट झाल्यासारखा वाटतो. रडूही येत नाही नि हसूही. हे डोसशी निगडित असू शकते आणि सांगितले तर त्यावर उपाय करता येतो.

ज्याबद्दल कोणी बोलत नाही

लैंगिक परिणाम. इच्छा कमी होणे, उत्कटबिंदू उशिरा येणे किंवा न येणे, हे एसएसआरआयमध्ये वारंवार दिसते आणि मळमळीसारखे आपोआप जात नाही. रुग्ण लाजतो, डॉक्टर विचारत नाही आणि गोळी गुपचूप बंद होते. खरे तर डोस कमी करता येतो किंवा हा त्रास कमी असलेल्या ब्युप्रोपियॉन, मिर्टाझापिनकडे वळता येते. क्वचित हा परिणाम औषध थांबवल्यावरही टिकतो. माहितीपत्रकात तसा उल्लेख करण्याची शिफारस युरोपीय औषध नियामकाने २०१९ मध्ये केली.

वजन मिर्टाझापिन आणि पॅरोक्सेटिनने जास्त वाढते. वृद्धांमध्ये रक्तातले सोडियम घसरून गोंधळल्यासारखे होऊ शकते, त्यामुळे आजोबा अचानक बरळू लागले तर वयाला दोष देण्याआधी रक्त तपासावे. एसएसआरआयबरोबर अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेतल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढते. वेदनाशामक ट्रॅमॅडॉल, प्रतिजैविक लिनेझोलिड, खोकल्याच्या काही औषधांतले डेक्स्ट्रोमेथॉर्फॅन यांच्याशी गाठ पडली तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो. ताप, थरथर, स्नायू ताठणे, भ्रमिष्टपणा ही त्याची लक्षणे, आणि त्यासाठी तातडीने रुग्णालय गाठावे लागते. ज्याला पूर्वी कधी झोपेविना उत्साहाचे, वारेमाप खर्चाचे दिवस येऊन गेले असतील, त्याने ते डॉक्टरांना आधीच सांगावे. आजार बायपोलर, म्हणजे उदासी आणि उन्माद दोन्हींचे झटके येणारा, असेल तर एकटे नैराश्यरोधक माणसाला उन्मादात ढकलू शकते. गरोदरपणाचे कळताच घाबरून गोळी एकदम थांबवणे चुकीचे, कारण आजार उलटण्याचाही धोका असतो. दोन्ही बाजू तोलून डॉक्टरांबरोबर ठरवावे.

बंद करताना

बरे वाटू लागल्यावर किमान सहा महिने औषध चालू ठेवतात. आजार पुन्हापुन्हा उलटलेला असेल तर दोन वर्षे किंवा अधिक. बरे वाटते ते गोळीमुळे की गोळी असूनही, हे त्या क्षणी आतून ओळखता येत नाही.

‘याची सवय लागते का?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर दोन भागांत द्यावे लागते. दारूसारखी ओढ लागत नाही, तोच परिणाम मिळावा म्हणून डोस वाढवत न्यावा लागत नाही. पण शरीर औषधाला सरावते, आणि एकदम तोडले तर कुरकुरते. चक्कर, मळमळ, भडक स्वप्ने, चिडचिड, फ्लू झाल्यासारखे अंग मोडणे. यांतले एक लक्षण तर ऐकणाऱ्याला खोटेच वाटते. नजर डावी-उजवीकडे फिरवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसतो, क्षणभर सगळे अडखळते आणि लगेच पूर्ववत होते. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांत हे जास्त, कारण ती शरीरातून लवकर जातात. फ्लुऑक्सेटिन आठवडे रेंगाळते, म्हणून त्यात कमी. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत.

ही लक्षणे आजार परतल्याची समजली जातात आणि मग ‘गोळीशिवाय मी जगूच शकत नाही’ असा समज घट्ट होतो. दोन्हींतला फरक बहुधा ओळखता येतो. औषध सुटल्याची लक्षणे काही दिवसांतच येतात, त्यांत झटके आणि चक्कर असते, आणि गोळी पुन्हा घेतली की एक-दोन दिवसांत जातात. आजार परततो तो सावकाश, आठवड्या-महिन्यांनी, जुन्याच रूपात.

डोस उतरवण्याचे गणितही सरळ रेषेतले नाही. नेहमीच्या लहानात लहान डोसनेही सेरोटोनिन परत शोषणाऱ्या सुमारे ८० टक्के जागा व्यापलेल्या असतात. म्हणून २० वरून १० मिलिग्रॅमवर येणे सोपे जाते आणि शेवटच्या ५ वरून शून्यावर येणे अवघड. जितके खाली जाल तितकी पायरी लहान हवी. काही औषधे द्रवरूपात मिळतात, त्यांचे थेंब मोजत उतरता येते. बरीच वर्षे घेतलेल्याला यात महिने लागू शकतात.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत दीर्घकाळ औषधावर असलेले, बरे वाटत असलेले लोक घेतले होते. वर्षभरात औषध चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के आणि उतरवून थांबवलेल्यांपैकी ५६ टक्के जणांचा आजार परतला. म्हणजे थांबवूनही बरेच जण ठीक राहिले आणि चालू ठेवूनही बरेच जण घसरले. त्यामुळे बंद केल्यावरही काही महिने डॉक्टरांच्या भेटी चालू ठेवतात, आणि आजार उलटलाच तर पूर्वी जे औषध लागू पडले होते तेच सहसा पहिल्यांदा देऊन पाहतात.