सांभाळून घेणं आणि मान राखणं

‘सर चांगले आहेत’ असं कॉलेजची पोरं म्हणतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात. एक, सर सांभाळून घेतात. दुसरी, सर आपल्याला किंमत देतात. वरवर दोन्हींत मायाच दिसते, पण कामात त्या बऱ्याचदा उलट्या दिशेला जातात.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं जर्नल घ्या. साध्या लंबकाचा प्रयोग: दोऱ्याची लांबी १०० सेंमी, २० आंदोलनांचा वेळ साधारण ४० सेकंद, त्यावरून गुरुत्वत्वरण ९.८ च्या आसपास यायला हवं. एखाद्या मुलीचं उत्तर १०.९४ येतं. सांभाळून घेणारे सर म्हणतात, ‘रीडिंग जरा बदल, ९.८ कर, सही करतो.’ तिचा वेळ वाचतो, सरांचाही. मान राखणारे सर तिच्या आकड्याकडे बघतात. वेळ ३८ सेकंदांचा आहे, म्हणजे आंदोलनं १९ च झालीत. मग ते एवढंच विचारतात, ‘घड्याळ चालू करताना शून्य म्हणालीस की एक?’ गोलक सुटतानाच ‘एक’ म्हटलं की एक आंदोलन हमखास कमी पडतं. तिची चूक खरी असते, तिला कारण असतं आणि ते तिचं तिला सापडतं. आकडा बदलून घेतला असता तर प्रयोगात आकडे जुळवायचे असतात, एवढंच ती शिकली असती. सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात गठ्ठ्यानं सह्या झाल्या की निम्मी जर्नलं मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेली निघतात, ती याच सवयीनं. उपाय साधा आहे: रीडिंग पेनानं, त्याच तासाला सही, खाडाखोड झाली तर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा. खाडाखोडीचे गुण कापायचे नाहीत. कापले की पोरं पुन्हा कच्च्या कागदाकडे वळतात.

सबमिशनच्या तारखेत फरक ओळखणं अवघड जातं, कारण इथे मुदत वाढवणंच योग्य असू शकतं. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडची एसटी कधी बंद होईल सांगता येत नाही. ‘अडचण आली तर येऊन भेटा’ हे ऐकायला प्रेमळ आहे, पण भेटायला येतो तो गावातला, बोलायला धीट असलेला. पलीकडच्या वाडीतल्या, रेंजसुद्धा नसलेल्या पोराला काहीच मिळत नाही. म्हणून नियम पहिल्याच तासाला फळ्यावर लिहावा: गावाचा रस्ता बंद असेल तर तो सुरू झाल्यापासून चार दिवस मुदत, अर्ज नको, विनवणी नको. नियम कोल्हापूर शहरातल्या पाणीपातळीला बांधू नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट आहे. पण जिल्ह्यातले कितीतरी बंधारे आणि त्यांच्यावरून जाणारे रस्ते त्याआधीच पाण्याखाली जातात. काम मात्र तेवढंच ठेवायचं. पाच गणितांची तीन केली की मुलाला पूर आणि गणित दोन्ही नडतात.

इंटर्नलला सगळ्यांना १८-१९ गुण वाटणं ही तर उघड सवलत. तिचा फटका लेखी परीक्षेत बसतो, आणि तोवर सांगायला फार उशीर झालेला असतो. आयएमपी, म्हणजे परीक्षेत येतील असे निवडक प्रश्न, देण्याबद्दल वेगळं काय लिहायचं!

भाषेचा प्रश्न नाजूक आहे. बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला इंग्रजी नोट्स पाठ करायला देणं म्हणजे ‘तुला हे समजणार नाही’ असं गोड शब्दांत सांगणं. तास मराठीत घ्यावा, त्यात कमीपणा नाही; पण शेवटची पाच मिनिटं ठेवून, आज कळलेल्या एका गोष्टीवर दोन इंग्रजी वाक्यं त्यालाच लिहायला लावावीत. व्याकरण पहिल्या महिन्यात तपासू नये. आधी अर्थ बरोबर आला का, ते बघावं.

यावर शिक्षकांचा रास्त आक्षेप असा की ८० पोरांच्या वर्गात एवढं कोण करणार? एका पेपरवर तीन मिनिटं शेरे लिहिले तरी चार तास जातात. त्यापेक्षा आधी दहा पेपर चाळावेत, वारंवार दिसणाऱ्या पाच चुका क्रमांक घालून कागदावर उतरवाव्यात, आणि प्रत्येक पेपरवर चूक झाली तिथे समासात फक्त क्रमांक टाकावा. पेपर वाटताना यादी फळ्यावर लिहायची आणि वीस मिनिटं द्यायची: आपल्या क्रमांकाची चूक शोधून तोच प्रश्न खाली पुन्हा सोडवायचा. गुण त्यानंतर सांगायचे. आधी सांगितले की पोरं बेरीज तपासत बसतात, चूक कुणी वाचत नाही.