सौर निर्लवणीकरण (गोवा)

खारे वा मचूळ पाणी सौर ऊर्जेवर पिण्याजोगे करण्याची पद्धत. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो, पण बहुतेक जून ते सप्टेंबरात. मार्च ते मे या काळात विहिरी आटतात, मांडवी-झुआरी नद्यांत भरतीचे खारे पाणी बरेच आत चढते आणि किनाऱ्यालगतच्या वाड्यांवर टँकर धावू लागतात. ऊनही नेमके तेव्हाच सर्वांत कडक असते. पावसाळ्यात ऊन कमी असते, तशी गरजही नसते. म्हणून महागडी बॅटरी टाळून टाकीतच पाणी साठवणे इथे परवडते.

सर्वांत साधी पद्धत काचेच्या उतरत्या झाकणाच्या पेटीची, म्हणजे सौर ऊर्ध्वपातनाची. मिठागरात ऊन पाणी नेते आणि मीठ ठेवते. इथे नेलेले पाणी काचेवर धरून पन्हळीत उतरवायचे. मात्र १ लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६५ युनिट उष्णता लागते. त्यामुळे भर उन्हाळ्यातही १ चौ. मी. पेटीतून दिवसाला ३-४ लिटरच मिळते. पाच माणसांच्या पिण्या-रांधण्याच्या २५ लिटरसाठी सुमारे ८ चौ. मी. पेटी लागेल. अख्ख्या वाडीसाठी ही पद्धत उपयोगाची नाही.

मोठ्या प्रमाणावर आरओच, म्हणजे व्यस्त परासरण: दाबाने पाणी बारीक पडद्यातून (मेंब्रेनमधून) ढकलायचे, मीठ मागे राहते. त्याचा खर्च पाण्याच्या खारेपणावर ठरतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्याला ५५-६५ बार दाब लागतो. लिटरला ५ ग्रॅम क्षारांच्या मचूळ पाण्याला १२-१५ बार पुरतो. दिवसाला ५,००० लिटर हवे असतील, तर मचूळ पाण्यावर ८-१० युनिट वीज लागते. १ किलोवॅट पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिट देते, म्हणजे ३ किलोवॅट पुरे. तेवढेच पाणी समुद्रातून काढायला लहान यंत्रात सुमारे ५० युनिट जातात. बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्यातला दाब परत वापरणारे साधन बसवले, तर हा आकडा निम्म्यावर येतो. तेव्हा समुद्र डोळ्यांसमोर असला, तरी पाणी घ्यावे ते मचूळ विहिरीचे, किंवा नदीचे ओहोटी संपता-संपता, जेव्हा ते कमी खारट असते. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, ऊन मात्र ठरल्या वेळी येते. हा मेळ घालायला कच्च्या पाण्याची टाकी लागतेच.

क्रम असा: टाकी, वाळूची गाळणी, ५ मायक्रॉनचे काडतूस (बदलता येणारी बारीक गाळणी), स्केल म्हणजे क्षारांचा थर रोखणारे औषध, उच्चदाब पंप, मेंब्रेन आणि शेवटी चुनखडीची गाळणी. चुनखडी वगळली, तर पाणी आम्लधर्मी राहून नळ खाते. जांभ्या दगडाच्या भागात विहिरीच्या पाण्यात लोह असते. हवा लागताच ते तांबूस गाळ होऊन मेंब्रेनवर बसते. म्हणून आधी पाणी उंचावरून सोडून हवा खाऊ द्यावी, मग गाळावे. जंतुनाशक क्लोरीन मेंब्रेनपर्यंत पोचला, तर ते कायमचे खराब होते.

पंप थेट पॅनेलवर चालवला, तर ढग येताच दाब उतरतो. पाणी कमी येते, पण मीठ जवळपास तेवढेच झिरपत राहते. त्यामुळे सकाळचे पहिले पाणी खारट निघते. पाण्याची वाहकता, म्हणजेच खारटपणा, मोजून चालणारा व्हॉल्व्ह ते कच्च्या टाकीत परत वळवतो. संध्याकाळी बंद करताना पाचेक मिनिटे गोड पाण्याने मेंब्रेन धुवावे. ही धुलाई चुकवणे हे मेंब्रेन लवकर जाण्याचे एक नेहमीचे कारण. पावसाळ्यासाठी १ टक्का सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात ते बुडवून ठेवतात आणि महिन्या-महिन्याला द्रावणाचा सामू तपासतात. तो ३ च्या खाली गेला की द्रावण बदलायचे. समुद्राच्या पाण्यावर ३१६ जातीचे स्टेनलेस स्टीलही छिद्रे पडून गळते. तिथे डुप्लेक्स स्टील घ्यावे.

वर्षातले पाच-सहा महिने यंत्र बंद राहते, म्हणून भांडवलाचा भार उरलेल्या लिटरांवर पडतो. शेजारी १०० चौ. मी. छत असेल, तर त्यावरून पावसाळ्यात अडीच लाख लिटरच्या आसपास पाणी गोळा होते. तेवढी टाकी बांधणे जमत असेल, तर आधी तो हिशेब करावा.

उरलेले खारे पाणी खाजनात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल शेतजमिनीत, सोडू नये. उन्हाळ्यात मानशीची (बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेची) दारे लागली की ते तिथेच आटून जमिनीत मुरते आणि खारे सोसणारे कोरगूट जातीचे भातही सोसणार नाही इतके मीठ साचते. मिठागराला देण्याचा मोह होतो, पण मचूळ पाण्याचे उरलेले द्रावण समुद्राहूनही पातळ असते, शिवाय त्यात औषध मिसळलेले असते. ते वाहत्या नदीत, ओहोटीच्या वेळी आणि आवश्यक परवानगी घेऊनच सोडावे.